हात पुरेल तिथे

"हे काय टांगलंयस इथं?"

कॅप्टन किल्ली फिरवणार, तेवढ्यात त्यांची नजर हँडब्रेककडे गेली. दोन सीटच्या मधोमध, काळ्या नाडीला अडकवलेली एक केशरी वस्तू लोंबत होती. तळहाताएवढी, आकड्यासारखी वळलेली, आणि त्या आकड्याच्या खाचेत लपलेलं बारीकसं पातं.

"कटर आहे," ती म्हणाली. "सीटबेल्ट कापायचा."

"चांगला बेल्ट कापायचा कशाला?"

"अडकला तर. आमच्या कारखान्यात अग्निशामक दलाचा माणूस आला होता ना, त्यानं दाखवला. म्हणाला, प्रत्येक घरच्या गाडीत असावा."

"प्रत्येक घरच्या गाडीत असू दे. ही माझी गाडी आहे." त्यांनी नाडी सोडवली आणि वस्तू हातात धरून उलटसुलट पाहिली. "उभं आयुष्य बस चालवली. कुणाच्या केसाला धक्का लागला नाही. आणि आता बायको शेजारी कात्री घेऊन बसणार. लोक काय म्हणतील, हा गाडी चालवतो की केस कापतो?"

ती हसली. हसण्यासारखंच होतं ते. कॅप्टन खाली उतरले, मागे गेले, कटर डिकीत टाकून धाडकन झाकण लावून आले. मग आरसा नीट केला, पट्टा लावला, खटका बसला की नाही हे ओढून पाहिलं आणि गाडी काढली.

कॅप्टन हे त्यांचं डेपोतलं नाव. खूप वर्षांपूर्वी एकदा दाट धुक्यातून त्यांनी भरलेली बस इतकी अलगद आणली होती, की उतरताना एका म्हाताऱ्या प्रवाशानं टोपी काढून सलाम ठोकला आणि म्हणाला, "आभार, कॅप्टन." कंडक्टरनं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून सगळा डेपो त्यांना तेच म्हणू लागला. पुढे गल्लीतही तेच नाव पडलं, आणि जावईसुद्धा गमतीनं तसंच म्हणायचा. ती मात्र "अहो" म्हणायची.

ती बॅगा शिवायच्या कारखान्यात होती. दिवसभर मशीनवर दप्तरांना आणि प्रवासी बॅगांना पट्टे जोडायचं काम. त्या अग्निशामकवाल्यानं कटर दाखवला, तेव्हा बाकीच्या बायका आगीच्या नळकांड्याकडे पाहत होत्या, ती त्या केशरी वस्तूकडे. तास संपल्यावर ती मुद्दाम मागे थांबली.

"गाडीत हा ठेवायचा कुठं?" तिनं विचारलं.

"पट्टा बांधलेला असताना हात पुरेल तिथे," तो म्हणाला. "पुढच्या कप्प्यात नको. गाडी दबली की कप्पा उघडत नाही. आणि डिकीत तर नकोच. विहिरीत पडलेल्या माणसाचा दोर घरी खुंटीला असून काय उपयोग?"

त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली. पट्टा ताणून धरायचा आणि तिरका कापायचा. तिला ते लगेच पटलं. पट्ट्याचं विणकाम तिच्या बोटांना पाठ होतं.

तो कटर तिनं लेकीकरवी मागवला. लेक म्हणाली, "आई, तू ना भित्री भागूबाई आहेस. बाबा गाडी चालवताना मी मागं झोपते बिनघोर. आणि तुला हे सुचतंय." भीती अपघाताची होतीच. पण ती रस्त्यावरून येणारी नव्हती, शेजारच्या सीटवर बसलेली होती, आणि हे लेकीला कोणत्या तोंडानं सांगायचं, ते तिला कळत नव्हतं.

सुरुवात सिग्नलवर झाली होती. दिवा हिरवा झाला, मागच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या, आणि कॅप्टन दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून शांत बसून राहिले.

"हिरवा झाला," ती म्हणाली.

"हो."

"मग चला ना."

त्यांनी तिच्याकडे वळून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, घाई नव्हती. परक्या घरात पाणी मागायला संकोचणाऱ्या माणसासारखे ते म्हणाले, "कुठं जायचं होतं आपल्याला?"

पण दुसऱ्याच क्षणी त्यांनी गाडी टाकली आणि घर येईपर्यंत नेहमीसारख्या गप्पा मारल्या. माणूस थकतो, तिनं मनाला समजावलं.

मग एकदा बाजारातून येताना घराची गल्ली मागे पडली तरी ते सरळ जात राहिले. थेट जुन्या डेपोच्या दाराशी जाऊन गाडी उभी केली आणि भोंगा वाजवला. डेपो केव्हाच बंद होऊन तिथं कुणाचं तरी गोदाम झालं होतं. आतून पहारेकरी आला. कॅप्टन त्याच्याकडे बघत राहिले, मग एकदम हसले.

"बघ, घोडा शेवटी तबेल्याकडंच वळतो."

तीही हसली.

हे सगळं ती गिळून बसली. कारण निवृत्त झाल्यावरचं पहिलं वर्ष तिनं पाहिलं होतं. कॅप्टन खिडकीशी बसायचे ते जेवायला हाक मारेपर्यंत. दाढी वाढलेली, सदऱ्याची बटणं उघडी. मग ही जुनी गाडी आली आणि माणूस पुन्हा उभा राहिला. पुढे लेकीला इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली, तिच्या पाळ्या वेळी-अवेळी, म्हणून नातीला दुपारी शाळेतून आणायचं काम आजोबांकडे आलं. त्या दिवशी त्यांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला होता. ती गाडी काढून घेणं म्हणजे त्यांच्या अंगावरचा तो सदरा ओढून काढण्यासारखं होतं.

म्हणून तिनं दुसरा मार्ग धरला. मालकाला विनवून दुपारची सुट्टी लवकर मागून घेतली आणि रोज शाळेच्या फेरीला ती सोबत जाऊ लागली. कारखान्यातल्या बायका म्हणायच्या, "म्हातारपणी प्रेम उतू चाललंय ताईंचं. क्षणभर नवऱ्याला सोडवत नाही." ती मान खाली घालून मशीन चालवायची. जेवणाच्या सुट्टीत मात्र कातरणातला जाड पट्टा उचलायची, खुर्चीच्या पाठीला घट्ट बांधायची आणि घरून आणलेला कटर त्यात अडकवून ओढायची. आधी सरळ हातानं, मग उलट्या. मग डोळे मिटून.

गाडीत कटर राहत नव्हताच. ती हँडब्रेकशी बांधायची, कॅप्टन डिकीत टाकायचे. ती पुन्हा आणून बांधायची. त्यावरून दोघांत भांडण असं कधी झालं नाही, नुसती मूक ओढाताण. शेवटी तिनं तो आपल्या सीटच्या कडेला, दाराच्या बाजूला, खाली अडकवला. तिथं त्यांना दिसत नव्हता. तिचा हात मात्र बसल्या जागी पोचत होता.

एकदा तिनं धीर करून लेकीजवळ विषय काढला. "बाबांना हल्ली दमायला होतं गं. शाळेची बस लावू या का पोरीला?"

लेक भांडी पुसत होती. "बाबा म्हणाले तसं?"

"नाही. मलाच वाटतं."

"कोण दमलंय?" आतल्या खोलीतून कॅप्टनचा आवाज आला. ते दारात येऊन उभे राहिले, हातात नातीचा बूट आणि पॉलिशचा ब्रश. "मी? सांग ना हिला, मी काय दमलो?"

लेक आईकडे पाहू लागली. नवऱ्याच्या तोंडावर ते सगळं कसं बोलायचं? सिग्नल, गोदाम, परवा नातीला लेकीच्याच नावानं तीनदा मारलेली हाक. ते ब्रश धरून उभे होते, आणि डोळ्यांत राग नव्हता, विनवणी होती. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. तिला तेव्हा पहिल्यांदा कळलं की या घरात भिणारी ती एकटी नाही.

"मीच दमते," ती म्हणाली. "रोजची धावपळ."

"मग तू नको येत जाऊस," कॅप्टन म्हणाले आणि बूट पुसत परत आत गेले.

ती जातच राहिली.

त्या दुपारी शाळेकडचा मुख्य रस्ता खणून ठेवला होता. आडवे अडथळे, लाल झेंडी, आणि बाजूला वळायची खूण. कॅप्टननी गाडी थांबवून त्या खुणेकडे बराच वेळ पाहिलं.

"डावीकडून जायचंय," ती म्हणाली. "वळसा घालून शाळेच्या मागच्या दारी निघतो आपण."

"ठाऊक आहे."

ते डावीकडे वळले. पुढे दोन फाटे होते. शाळेचा फाटा सोडून त्यांनी दुसरा घेतला, कालव्याकडचा.

"अहो, इकडून नाही. मागं घ्या."

त्यांनी गाडी मागं घेतली नाही. पाठ ताठ झाली होती, हनुवटी वर. वेग कमी नाही, जास्त नाही, अगदी मोजून मापून. दर थोड्या वेळानं ते आरशातून मागच्या सीटकडे बघत होते. मागं कुणीच नव्हतं. नातीची छोटी उशी तेवढी पडलेली होती.

"अहो."

"पुढच्या स्टॉपला उतरायचंय का?" त्यांनी विचारलं. आवाज नम्र, कामावरचा.

"मी आहे," ती म्हणाली. "अहो, मी. बघा माझ्याकडं."

"बाई, मागं बसून घ्या. ड्रायव्हरशी बोलू नये."

समोर कालवा दिसू लागला. मग तिला उमगलं, ते कुठं निघाले आहेत. हा त्यांचा जुना मार्ग होता. कालव्यावर पूल होता तेव्हा बस इथून पलीकडच्या वस्तीला जायची. तो पूल पाडून कितीतरी वर्षं झाली होती. आता तिथं नुसता उतार उरला होता, पाण्यापर्यंत जाणारा, आणि ट्रकवाले तिथं गाड्या धुवायचे.

"पूल नाही तिथं," ती म्हणाली. मग ओरडली, "पूल नाही, थांबा."

कॅप्टननी पुलाअगोदर करायचा तसा वेग कमी केला, एक छोटा भोंगा दिला आणि गाडी उतारावर घातली.

तिनं दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला. चाकं ओल्या चिखलात घसरली. उताराची कड संपली आणि गाडीचं नाक खाली गेलं. दोघं पट्ट्यांवर पुढे लोंबकळले. आपटल्याचा मोठा आवाज झालाच नाही, नुसतं पाणी, सगळीकडून. कॅप्टनना काचा बंद ठेवायला आवडत नसे, त्यामुळे दोन्ही खिडक्या उघड्या होत्या. पाणी खिडकीच्या कडेवरून आत सांडू लागलं, मांडीवर आलं, इतकं थंड की श्वास अडकला.

तिनं स्वतःचा खटका दाबला. तो सुटला. मग त्यांचा. तो दबेना. त्यांच्या अंगाचा सगळा भार पट्ट्यावर होता आणि पट्टा दगडासारखा ताठ झाला होता. तिनं अंगठ्यानं, मग मुठीनं दाबला. गाडी हळूच आणखी पुढे सरकली.

तिचा हात दाराकडे खाली गेला आणि पाण्याखाली आकडा बोटांना लागला.

ती त्यांच्यावर वाकली, छातीजवळ पट्ट्यात कटर अडकवला. तेवढ्यात कॅप्टननी तिचं मनगट पकडलं. त्या हातांनी आयुष्यभर जड स्टिअरिंग फिरवलं होतं. तिला हात हलवता येईना.

"पट्टा काढायचा नाही," ते म्हणाले. "गाडी चालू आहे."

"पाण्यात आहोत आपण. सोडा."

"कोण तुम्ही? गाडीला हात लावू नका."

पाणी त्यांच्या पोटापर्यंत आलं होतं आणि ते काचेतून समोर बघत होते, रस्ता असल्यासारखे. ती रडली, तिनं विनवलं, त्यांना नावानं हाक मारली, जी लग्नानंतर तिनं कधी मारली नव्हती. काही उपयोग झाला नाही. मनगटावरची पकड आणखीच घट्ट झाली. आपला माणूस आपल्याला ओळखत नाही, आणि त्या न ओळखण्यातच तो बुडणार. एवढी भीती तिला कधीच वाटली नव्हती, पाण्याचीही नाही.

तिनं रडणं थांबवलं. पाण्यानं भरलेल्या त्या गाडीत ती शक्य तितक्या साध्या आवाजात म्हणाली, "कॅप्टन, शेवटचा स्टॉप आला."

त्यांनी मान वळवली.

"गाडी लागली," ती म्हणाली. "उतरा आता. पाळी संपली."

"प्रवासी?"

"उतरले सगळे."

"मागची सीट बघितलीस?"

तिनं मागे पाहिलं. वरच्या बाजूला तिरपी झालेली रिकामी सीट, आणि घसरत घसरत खाली आलेली ती छोटी उशी.

"बघितली. कुणी नाही मागं."

कॅप्टननी मनगट सोडलं आणि दुसरा हात स्टिअरिंगवरून खाली घेतला. तिनं पट्टा ताणून धरला, कटर तिरका ओढला. पहिल्या ओढीत अर्धा गेला, दुसऱ्या ओढीत सुटला. मग मांडीवरचा. ते तिच्या अंगावर कोसळले.

ट्रक धुणारी दोन माणसं तोवर पाण्यात शिरली होती. एकानं खिडकीतून कॅप्टनना काखेत धरून बाहेर घेतलं, दुसऱ्यानं तिला. ती काठावर पोचून वळली, तेव्हा गाडीचं छप्पर पाण्याखाली जात होतं.

"फोन द्या," ती म्हणाली. "शाळेत पोरगी वाट बघत असेल."

दवाखान्यात लेक धावत आली. नातीला शाळेतून शेजारणीनं नेलं होतं. कॅप्टन पांघरूण घेऊन पलंगावर झोपले होते, छातीवर पट्ट्याचा निळा वळ. लेकीनं त्यांच्या कपाळावर हात ठेवला. मग आईला घेऊन बाहेर व्हरांड्यात आली.

"कधीपासून?"

आईनं सगळं सांगितलं. सिग्नलपासून.

"आणि तू माझ्या पोरीला त्या गाडीत बसवत होतीस."

"मी रोज शेजारी असायची."

"शेजारी बसून काय केलं असतंस, आई?" लेकीचा आवाज चढला नव्हता. "ती मागं असती तर?"

हाच प्रश्न ती काठावर बसल्यापासून स्वतःला विचारत होती. पुढं एक अडकलेला, मागं एक लहान जीव, आणि हात दोनच. आधी कुणाकडे वळली असती ती? लेकीनं थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, मग आपली शाल काढून तिच्या ओल्या खांद्यांवर टाकली आणि बापाजवळ जाऊन बसली.

गल्लीत तिचा मोठा गवगवा झाला. कारखान्यात ज्यांनी तिची चेष्टा केली होती, त्या बायका तोच कटर कुठं मिळतो विचारायला आल्या. जावयानं सगळ्या नातेवाइकांच्या गाड्यांसाठी मागवले. "काकू, तुमच्या हुशारीनं कॅप्टन वाचले," असं कुणी म्हणालं की ती चहा टाकायच्या निमित्तानं आत जायची. पट्टा कापायला दोन ओढी लागल्या होत्या. "आता गाडी चालवू नका" हे चार शब्द मात्र तिला वर्षभर जमले नव्हते, आणि ते बोलायला कुठलंही हत्यार बाजारात मिळत नव्हतं.

ते चार शब्द तिनं अखेर एका सकाळी, त्यांच्या सदऱ्याची बटणं लावताना म्हटले.

"बरं," ते म्हणाले. मग शेवटचं बटण लागल्यावर, "तू घाबरलीस का गं त्या दिवशी?"

"हो."

"मीही," ते म्हणाले. "त्याच्या आधीपासूनच."

मेंदूच्या डॉक्टरांकडे जायच्या दिवशी लेक स्वतःची गाडी घेऊन आली. कॅप्टन दाढी करून, भांग पाडून खाली उतरले. सवयीनं पावलं चालकाच्या दाराशी गेली, हात कडीवर पडला. आत लेक बसली होती. तिनं आईकडे पाहिलं. आई जागची हलली नाही.

कॅप्टननी कडीवरचा हात काढला. दारावर थोडी धूळ होती, ती तळहातानं पुसली. मग मागचं दार उघडलं, आधी बायकोला बसू दिलं, आणि स्वतः तिच्या शेजारी बसले. लेकीनं मागे वळून त्यांचा पट्टा लावून दिला. त्यांनी लावू दिला.

रस्ता गर्दीचा होता. लेक गाडी बरी चालवायची, पण वळणावर जरा उशिरा वेग कमी करायची. कॅप्टन खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या शेजारी बसलेल्या तिची नजर सहज खाली गेली. दर वळणाच्या आधी, लेकीच्या क्षणभर आधी, त्यांचा उजवा पाय पुढच्या सीटखालच्या रिकाम्या जागेत अलगद, बरोब्बर दाबला जात होता.